हजेरीतली दोन नावं

जूनच्या पहिल्या आठवड्यात बंगळुरातल्या चामराजपेटच्या त्या गल्लीतून सकाळी कोणी नवखा माणूस गेला, तर त्याला वाटावं की आत मुलांचे दात उपटतायत. तसं काही नसतं. ती शाळा आहे, आणि तो एल.के.जी.चा वर्ग आहे. एवढ्या रडारडीत जी बाई पंख्याखाली खुर्ची ओढून निवांत हजेरी घेत बसलेली असते, ती संध्या टेंबे. मुलांची संध्या मिस.

तिची हजेरी ऐकण्यासारखी असते. "लक्ष्मीनारायण," ती म्हणते. कोणी हूं की चूं करत नाही, कारण लक्ष्मीनारायण म्हणजे आपण, हे त्या चिमुरड्या गृहस्थांना अजून कोणी सांगितलेलंच नसतं. घरी ते गुंडा असतात. मग संध्या म्हणते, "गुंडा लक्ष्मीनारायण," आणि कोपऱ्यातून रडवेला आवाज येतो, "प्रेझेंट मिस." वर्गात एक पुट्टी असते, एक बंगारी असते, मार्केटात फुलं विकणाऱ्यांचा छोटू असतो आणि त्याचं शाळेतलं नाव मोहम्मद रेहान असतं. आधी घरचं नाव, मागून शाळेचं, अशी हजेरी चांगली महिनाभर चालते. पुढे मुलं नुसत्या शाळेच्या नावालाही ओ द्यायला लागतात, तरी संध्या अधूनमधून दोन्ही नावं घेतेच. बाकीच्या मिस तिला हसतात. तिची हजेरी संपेपर्यंत शेजारच्या वर्गात दोन गाणी म्हणून झालेली असतात.

गेल्या दिवाळीनंतर शाळेच्या मुख्य बाई सरोजम्मा यांनी तिला ऑफिसात बोलावलं आणि आधी कॉफी पुढे केली. सरोजम्मा आधी कॉफी पाजतात तेव्हा बातमी वाईट असते, हे सगळ्या शाळेला ठाऊक आहे. कमिटीने नवा नियम केला होता. येत्या जूनपासून वर्ग फक्त पदवीधर बाईंच्या ताब्यात, बाकीच्यांनी असिस्टंट म्हणून राहायचं.

असिस्टंट म्हणजे नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, बुटांच्या नाड्या बांधायच्या. याला संध्याची काहीच हरकत नव्हती, ते ती इतकी वर्षं करतच आली होती. पण असिस्टंटला हजेरी घेता येत नाही. ती नव्या मिसने घ्यायची आणि संध्याने मागे भिंतीला टेकून बघायची. हे मात्र तिच्या घशाखाली उतरेना. लक्ष्मीनारायणने ओ दिली नाही तर नवी मिस गैरहजेरी मांडून मोकळी होईल, आणि गुंडा तिथेच बसून रडत असेल.

"जूनपर्यंत डिग्री आणा, संध्या," सरोजम्मा म्हणाल्या. "क्लास तुमचाच. मी कोणाला हात लावू देणार नाही."

डिग्री काय कोथिंबीर आहे, जाता जाता आणायला? संध्या तशी अडाणी नव्हती. नागपूरला तिची बी.ए.ची दोन वर्षं झाली होती आणि चांगली झाली होती. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि अजित टेंबे यांचं स्थळ आलं. मुलगा बंगळुरात सरकारी कारखान्यात इंजिनीअर, आईवडील वर्षानुवर्षं चामराजपेटात राहणारे, बोट ठेवायला जागा नाही. "तिसरं वर्ष तिकडे करशील," तिचे वडील मधुकर देवपुजारी म्हणाले होते. तिकडे आल्यावर आधी भाजीवाल्याशी बोलता येण्यापुरतं कन्नड शिकावं लागलं, मग शाल्मली झाली, मग शाल्मलीला ज्या शाळेत घातलं तिथेच संध्याला नोकरी लागली, आणि तिसरं वर्ष तसंच राहून गेलं.

आता ही शाल्मली कोरमंगलाच्या एका स्टार्टअपमध्ये कामाला होती. ट्रॅफिकचं कारण सांगून ती तिकडेच पीजीत राहायची आणि रविवारी धुण्याची पिशवी घेऊन माहेरवाशिणीसारखी घरी यायची. आईचं रडगाणं ऐकून तिने लॅपटॉप उघडला आणि जेवण वाढून होईपर्यंत एक मुक्त विद्यापीठ शोधूनही काढलं.

"आई, तुझी दोन वर्षं वाया नाही गेलेली. त्याचे क्रेडिट्स ट्रान्सफर होतात. थर्ड इयरचे अर्धे तुझ्या एक्सपिरियन्सवर मिळतात, त्याला एक इंटरव्ह्यू असतो. उरलेल्याची डायरेक्ट एक्झाम. तू बेसिकली ग्रॅज्युएट आहेस गं, फक्त पेपरवर्क बाकी आहे."

फक्त पेपरवर्क, असं जी मुलगी जन्मात कधी सरकारी खिडकीपुढे उभी राहिलेली नाही तीच म्हणू शकते. पण संध्याने अर्ज भरला.

परीक्षा आधी झाली. विषय बालमानसशास्त्र. अजितराव अभ्यासाच्या बाबतीत फार उत्साही. रिटायरमेंट जवळ आल्यामुळे कारखान्यात त्यांना फारसं कोणी काही विचारत नव्हतं, ती सगळी कसर त्यांनी घरात भरून काढली. फ्रिजवर रंगीत वेळापत्रक लागलं. संध्याकाळी चहाबरोबर प्रश्न यायला लागले. संध्याने निम्मे प्रश्न भाजी चिरताना सोडवले आणि पेपरात तीन वर्षांच्या मुलाचा हट्ट कसा हाताळावा यावर इतकं भरभरून लिहिलं की पुरवणी मागावी लागली. फेब्रुवारीत निकाल लागला, चांगले मार्क पडले. अजितरावांनी पेढे आणले, आणि यशाचं श्रेय वेळापत्रकाला दिलं.

मग आली ती जुनी दोन वर्षं. सगळं घोडं अडलं ते इथे.

विद्यापीठाच्या केंद्रातले नागराज हे स्वभावाने सज्जन गृहस्थ, मूळचे म्हैसूरकडचे. कपाळावर बारीक गंध, समोर स्टीलच्या पेल्यात पाणी. संध्याने आपल्या नागपूरच्या मार्कलिस्टा खिडकीतून आत सरकवल्या. नागराजांनी त्या वाचल्या, मग तिचं आधार कार्ड वाचलं, मग पुन्हा मार्कलिस्टा वाचल्या.

"मॅडम, ही प्रांजली मधुकर देवपुजारी कोण?"

"मीच."

"मग संध्या अजित टेंबे?"

"तीही मीच."

नागराजांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आडनाव लग्नाने बदललं, ठीक. सरी. मधलं?"

"आधी वडिलांचं होतं, आता यांचं."

"सरी. पण पहिलं नाव?"

"तेही लग्नातच बदललं."

"लग्नात? पहिलं नाव?" नागराजांना हे काही झेपेना. त्यांच्या बायकोचं नाव लग्नाआधी जे होतं तेच अजून होतं, बहिणीचंही, आईचंही. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "न्यूमरॉलॉजी का, मॅडम?"

"नाही हो. आमच्यात पद्धत असते. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो. झालं."

"तांदळात," नागराज म्हणाले, आणि कंप्युटरकडे बघत बसले. कंप्युटरमध्ये नाव बदलण्याची कारणं ठरलेली होती. लग्नाने आडनाव बदलणं होतं, न्यूमरॉलॉजी होती, धर्म बदलणं होतं, लिहिताना झालेली चूक होती. तांदूळ नव्हते. शेवटी 'इतर' म्हणून एक जागा होती, पण तिथे कारण स्वतःच्या हाताने लिहून द्यावं लागत होतं. नोटरीचं प्रतिज्ञापत्रही लागणार होतं, पण ते काही अवघड नव्हतं.

"कारण लिहा, मॅडम. नुसतं पद्धत लिहून इंटरव्ह्यूचं पॅनेल ऐकणार नाही. पद्धत आडनावाची असते. हेच नाव का, कशासाठी, ते नीट लिहा. नाहीतर कागदावर ही दोन वर्षं दुसऱ्या बाईची आहेत."

मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली, तरी बसल्यावर चैन पडेना. दुसऱ्या बाईची म्हणे. कॉलेजच्या वाचनालयात खिडकीजवळची जागा धरायला पळत जाणारी प्रांजली तिला आठवली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मैत्रिणींना संत्र्यांच्या फोडी वाटणारी, वादविवाद स्पर्धेत बोलता बोलता टेबलावर मूठ आपटणारी. किती वर्षांत त्या मुलीची साधी चौकशीही आपण केली नाही, याचं संध्याला मनापासून वाईट वाटलं. मार्केटचं स्टेशन आलं तेव्हा ती उतरायचीच विसरत होती.

घरी अजितराव पेपर वाचत बसले होते.

"अहो, माझं नाव संध्या का ठेवलं?"

अजितरावांचा चेहरा ऑडिटवाले अचानक आल्यासारखा झाला. "का म्हणजे? बाबांच्या बहिणीने, तानूआत्याने सांगितलं."

"तिने का सांगितलं?"

"ते मी कसं विचारणार? वरून आलं, मी लिहिलं."

"ती गेली, तिला विचारायची सोय नाही आता. तुम्हाला तरी काही वाटलं असेल ना लिहिताना?"

"अंगठी घट्ट होती," अजितरावांनी प्रामाणिकपणे सांगितलं. "बोट दुखत होतं."

संध्याला हसू आलं आणि रागही आला. "बदललंत ते बदललंत. पण एकदा तरी त्या नावाने हाक मारलीत का मला? जन्मभर 'अगं' आणि 'ऐकलंस का'. नवा कुकर हौसेने आणून माळ्यावर टाकावा, तसं केलंत."

हे खरं होतं. आई होती तोवर आईसमोर बायकोला नावाने हाक मारायची अजितरावांना लाज वाटायची, आणि आई गेली तोवर सवय मोडण्यापलीकडे गेली होती. ते बराच वेळ पेपरची घडी करत राहिले.

"तुला आवडत नाही का संध्या?" त्यांनी विचारलं. आवाज जरा पडला होता.

"आवडतं की. आता तेच माझं आहे. शाळेतली सगळी पोरं त्याच नावाने मला बिलगतात. पण कारण काय लिहू ते सांगा."

दुसऱ्या दिवशी अजितरावांनी कारखान्याच्या शैलीत एक मसुदा करून दिला. 'प्रचलित रूढीस अनुसरून, कौटुंबिक ज्येष्ठांच्या सूचनेनुसार, नामपरिवर्तनाची कार्यवाही करण्यात आली.' संध्याने तो वाचला आणि डाळीच्या डब्याखाली ठेवून दिला. वाक्य झोकदार होतं, पण त्यात ती कुठेच नव्हती. तिने प्रतिज्ञापत्र केलं, बाकीचे कागद जोडले, आणि कारणाची ओळ कोरीच ठेवली.

मुलाखत एप्रिलमध्ये होती. शाल्मलीने फोनवरून तिची तयारी करून घेतली. "आई, नुसतं 'मुलांना सांभाळते' असं म्हणू नकोस. मॅनेज करते म्हण. पेरेंट्सना स्टेकहोल्डर्स म्हणायचं." चिकपेटातून आणलेली करड्या काठाची सुती साडी नेसून संध्या केंद्रावर गेली. नागराजांनी फाईल उघडून कोरी ओळ पाहिली आणि मान हलवली. "स्वल्प रिस्क आहे, मॅडम," ते म्हणाले, आणि फाईल आत नेऊन ठेवली.

आत दोघं बसले होते. एक पिकल्या केसांच्या प्राध्यापक बाई आणि एक तरुण प्राध्यापक. बोलणं कन्नडमध्ये चाललं होतं. आपण काय काम करता, असं बाईंनी विचारल्यावर संध्याने "मी स्टेकहोल्डर्सना" अशी दणक्यात सुरुवात केली आणि पुढे काय ते साफ विसरली. शाल्मलीला मनातल्या मनात शिव्या घालून झाल्या.

"ते राहू द्या," बाई हसून म्हणाल्या. "पहिल्या दिवशी वर्गात गेल्यावर काय करता ते सांगा."

हे सोपं होतं. संध्याने गुंडा लक्ष्मीनारायण सांगितला, पुट्टी सांगितली, छोटू मोहम्मद रेहान सांगितला. सांगता सांगता तिने हजेरी घेऊनच दाखवली.

तरुण प्राध्यापकाने चांगला प्रश्न विचारला. "पण मॅडम, शाळेचंच नाव पहिल्या दिवसापासून वापरलं तर मूल ते लवकर नाही का उचलणार? घरचं नाव मध्ये कशाला?"

"उचलतं, सर. ओ पण देतं. पण ते ओ देणं वेगळं. शाळेत आपल्याला दुसरंच कोणीतरी व्हायचंय, असं त्याला वाटतं. नवं नाव घ्यायला कोणाची ना नसते हो. जुनं कुठे ठेवायचं, तेवढं कोणीतरी सांगायला पाहिजे."

"हे कुठे वाचलंत?"

"वाचलं नाही. मला ऐकू येईनासं झालं होतं ना, लग्न झाल्यावर," संध्या म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. मग तिला सगळं सांगावंच लागलं. नवी नवरी होती ती. दुपारची अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसली होती आणि स्वयंपाकघरातून सासूबाई हाक मारत होत्या. संध्या, ए संध्या, अगं संध्या. ही आपली मजेत शेंगा सोलतेय. असं चार-दोनदा झालं, तेव्हा घरात कुजबुज सुरू झाली की नागपूरकरांनी मुलीचं व्यंग लपवलं. सासूबाई मनाने चांगल्या. त्यांनी भांडण केलं नाही, सुनेला रिक्षात घालून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी दोन्ही कानांत बॅटरी मारून पाहिलं आणि सांगितलं, कान अगदी उत्तम आहेत.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"काय सांगणार? नवी होते. लाजून गप्प बसले. हाक मला मारतायत हेच मला कळत नव्हतं, असं कसं सांगू? सगळ्यांनी माझे कान बघितले, मॅडम, पण नाव..."

आणि ती बोलता बोलता थांबली. हजेरीची ही रीत मुलांच्या सोयीची आहे, असंच तिला इतकी वर्षं वाटत होतं. ती कुठून आली याचा तिने कधी विचारच केला नव्हता. दरवर्षी जूनमध्ये कोपऱ्यात बसलेल्या एकेका मुलाला ती जे सांगत होती, ते तिला स्वतःला कोणी सांगितलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ती डोळे पुसत हसली, कारण कानाचे डॉक्टरही आठवत होते.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि फाईल उघडून ती कोरी ओळ दाखवली. "मग इथे का नाही लिहिलंत?"

"कारण नव्हतंच काही, मॅडम. खूप शोधलं. मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला विचारलं नाही."

"मी धारवाडची," बाई म्हणाल्या. "आमच्याकडेही घरोघरी हेच. माझ्या आईचं जुनं नाव मला कळलं ते मामाच्या पत्रातून. ही कोण, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, होती एक." त्यांनी आपलं पेन संध्यापुढे ठेवलं. "आत्ता म्हणालात ना, तेच लिहा. तेवढं पुरे आहे."

संध्याने लिहिलं, 'लग्नात सासरी बदलले. मला विचारले नव्हते.' खाली सही करायची होती. कुठल्या नावाने, असं तिने विचारलं. तरुण प्राध्यापक म्हणाले, दोन्ही करा. प्रांजली देवपुजारीची सही इतक्या वर्षांनी जमेल की नाही अशी तिला शंका होती, पण हात चालला. शेवटच्या अक्षराखाली ती मुलगी जो फराटा मारायची, तोसुद्धा जसाच्या तसा आला.

मे महिन्यात नागराजांचा फोन आला. जुने क्रेडिट्स मिळाले, अनुभवाचे मिळाले, परीक्षेचे होतेच. "तांदूळ पास झाले, मॅडम," ते म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले. प्रमाणपत्रावर आधी संध्या अजित टेंबे असं होतं आणि खाली लहान अक्षरांत पूर्वीचं पूर्ण नाव होतं. सरोजम्मांनी ते दोन्ही हातांनी धरून वाचलं, या वेळी कॉफी नंतर पाजली, आणि एल.के.जी.चं नवं कोरं हजेरीपुस्तक काढून तिच्या हातात दिलं. संध्याने ते घरी येईपर्यंत पिशवीत ठेवलं नाही, छातीशीच धरलं होतं.

त्या रविवारी शाल्मली धुण्याची पिशवी आणि केक घेऊन आली. संध्या ओट्याशी उभी राहून पुऱ्या तळत होती. बाहेरच्या खोलीत शाल्मलीची कोणी मैत्रीण आली असावी, कारण अजितराव कोणाला तरी प्रांजली म्हणून बोलावत होते. पुन्हा एकदा बोलावलं. किती वेळ पोरीला उभं ठेवलंय, पाणी तरी द्यावं, असं मनात म्हणत संध्याने पुढची पुरी सोडली.

अजितराव स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात फ्रेम करून आणलेलं प्रमाणपत्र होतं. कान लाल झाले होते. मागे शाल्मली तोंडावर हात दाबून उभी होती.

"किती हाका मारायच्या?" ते म्हणाले. "ऐकू येत नाही का?"

"मला मारत होतात?"

"आईला ईएनटीकडे न्यायचं का, बाबा?" शाल्मली म्हणाली.

अजितरावांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी घसा साफ केला, फ्रेम हजेरीपुस्तकासारखी समोर धरली, आणि आधी माहेरचं, मागून सासरचं, अशी बायकोला आयुष्यात पहिल्यांदा समोरासमोर नावाने हाक मारली.

"प्रांजली संध्या."

तिने गॅस बारीक केला आणि झारा खाली ठेवला.

"प्रेझेंट," ती म्हणाली.